बारा माणसांचा जनाजा

मोहल्ल्यात कुणाचा इंतकाल झाला की मशिदीच्या भोंग्यावरून खबर दिली जाते. ओळख असो वा नसो, माणसे जमतात. खांदा देणारे इतके असतात की एकेकाच्या वाट्याला दोन-चार पावलेच येतात. मय्यतीला गुस्ल देणे, कफन घालणे, नमाज पढून दफन करणे हे आपल्यावर फर्ज-ए-किफाया आहे. कुणीच केले नाही, तर सारी वस्ती गुनाहगार. जनाज्याला किती माणसांनी यावे हे सरकार ठरवील, असे आपल्या मनातही कधी आले नव्हते. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत वीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा ते आपण सोसले. बापाच्या जनाज्याला जाता आले नाही, याचे शल्य आजही अनेक घरांत आहे.

ती मर्यादा आजारामुळे होती आणि सर्वांसाठी सारखी होती. न्यूयॉर्क शहरात मात्र १७३१ साली एक कायदा झाला. गुलामाच्या अंत्ययात्रेला बारापेक्षा जास्त गुलामांनी जमू नये, पेटीवर चादरही घालू नये. त्याआधी १७२२ मध्येच रात्रीच्या दफनाला बंदी झाली होती. दिवसभर मालकाच्या घरी राबणाऱ्या माणसाने आपली मय्यत दिवसा कशी उचलावी, हा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही. १७१२ मध्ये गुलामांनी बंड केले होते. त्यामुळे काळी माणसे चार कारणांनी एकत्र आली, तरी मालकांना धास्ती वाटे.

गुलामगिरी म्हटली की आपल्याला अमेरिकेच्या दक्षिणेतले कापसाचे मळे आठवतात. पण न्यूयॉर्कही गुलामांच्या कष्टावर उभे राहिले. वॉल स्ट्रीटला जिच्यावरून नाव पडले ती भिंत बांधायलाही गुलाम राबले होते. १७०३ मध्ये शहरातील सुमारे ४० टक्के घरांत गुलाम होते. जिवंतपणी ही माणसे घरात चालत, मेल्यावर मात्र गोऱ्यांच्या शेजारी चालत नसत. १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात काळ्यांना दफन करायला मनाई केली. मग त्यांनी शहराबाहेरच्या ओसाड, उताराच्या जमिनीवर आपली माणसे पुरली. १७९४ पर्यंत तिथे अंदाजे पंधरा हजार माणसे मातीआड झाली.

तिथेही त्यांना शांतता नव्हती. वैद्यकीचे विद्यार्थी रात्री कबरी उकरून प्रेते पळवत. १७८८ मध्ये स्वतंत्र आणि गुलाम काळ्यांनी मिळून नगर कौन्सिलला अर्ज दिला की आमच्या मयतांची विटंबना थांबवा. कुणी दाद दिली नाही. काही आठवड्यांनी गोऱ्यांच्या कबरीतून प्रेत चोरीला गेल्याची बातमी पसरली, तेव्हा मात्र शहरात दंगल झाली.

पुढे ती जमीन भराव घालून सपाट केली, भूखंड पाडले, इमारती चढल्या. दोनशे वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रॉडवेवर चौतीस मजली सरकारी इमारतीसाठी खोदकाम सुरू झाले आणि भरावाच्या खोल थराखालून हाडे निघू लागली. जुन्या नकाशावर त्या जागी कब्रस्तान दाखवलेले होते. तरीही काम रेटले गेले. तेव्हा शहरातील काळे नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांनी तिथे रात्री जागवल्या, दुआ केल्या, नेत्यांना जाब विचारला. अखेर १९९२ मध्ये खोदकाम थांबले. तोवर ४१९ मानवी अवशेष वर काढले गेले होते. त्यांचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठात, मायकेल ब्लेकी या आफ्रिकी-अमेरिकी संशोधकाच्या देखरेखीखाली झाला.

जे कागदावर कुणी लिहिले नव्हते, ते हाडांनी सांगितले. ओझी वाहून स्नायूंच्या जागी हाडे झिजली होती. जवळजवळ निम्मी मय्यत लहान मुलांची होती. एका तरुण स्त्रीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी अडकलेली होती. एका आईच्या कुशीत तिचे नवजात बाळ ठेवलेले होते.

पण त्याच कबरींनी आणखी एक गोष्ट सांगितली. बहुतेक मयतांना कापडात गुंडाळलेले होते, कापड टाचण्यांनी नीट टाचलेले होते. बहुतेकांसाठी जमेल तशी लाकडी पेटी केलेली होती. एका स्त्रीच्या कमरेला आफ्रिकेच्या रीतीप्रमाणे मण्यांची माळ होती. एका पेटीच्या झाकणावर खिळ्यांनी बदामाच्या आकाराची नक्षी ठोकलेली होती. ज्यांचे स्वतःच्या देहावरही मालकी हक्क नव्हते, त्यांनी आपल्या मयतांची इज्जत सोडली नव्हती. बाराच जण आले असतील, पण त्या बारा जणांनी आपला हक्क अदा केला.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये घानात हाताने कोरलेल्या पेट्यांत ठेवून ते ४१९ जण वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला परत आले. वाटेत शहराशहरांत लोकांनी त्यांना मानवंदना दिली. बारांची मर्यादा असलेल्या त्याच शहरात हजारोंच्या गर्दीने त्यांना पुन्हा मातीच्या स्वाधीन केले. २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या गुलामांत आपले दीनी भाऊबहीणही होते. पण आम्ही हे लिहितो आहोत ते केवळ त्यासाठी नाही. हदीसमध्ये येते की मशिदीची झाडलोट करणारी एक काळी स्त्री वारली. सहाबांनी तिला दफन केले आणि प्रेषितांना (स.) त्रास नको म्हणून कळवले नाही. ती दिसेना म्हणून त्यांनी (स.) विचारणा केली. कळल्यावर, मला का सांगितले नाही, असे म्हणून ते तिच्या कबरीवर गेले आणि तिथे नमाज पढली. झाडणारीची कबर कुठे आहे हे विचारणारे रसूल ज्या उम्मतला लाभले, तिच्या कब्रस्तानात कुणी बेवारस राहू नये.

आपल्या गावच्या कब्रस्तानातही मजुरीला आलेल्या, पत्ता नसलेल्या माणसांच्या कबरी असतात. पुढच्या वेळी आपल्या माणसांसाठी फातिहा पढायला जाल, तेव्हा मुलांना त्या कबरींजवळही न्या. आणि जमातच्या वहीत मयतांची नोंद होते का, हे एकदा विचारा. नाव, गाव, तारीख. एवढ्या तीन ओळीदेखील त्या पंधरा हजारांना मिळाल्या नव्हत्या.