मृगाचा पाऊस : आधी मोजा, मग पेरा



मृग निघाला की हात पाभरीकडे जातो. बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसली की आपल्या जिवाची घालमेल होते, आणि एखादी चांगली सर येऊन गेली की घरातलेच विचारतात, "आता कशाची वाट बघता?" या आठवड्यात तेवढ्याच प्रश्नावर बोलू. हे लिहिणे मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू काळ्या रानासाठी आहे. विहिरीला पाणी असेल त्यांचे गणित निराळे.

पहिल्याने पाऊस कोणता ते ओळखावे. दुपारपर्यंत अंगाची काहिली, मग एका कोपऱ्यातून ढग चढतात, वावटळ, विजा, अर्धा-पाऊण तास धो धो पाऊस आणि रात्री चांदणे, हा वळीव. तो एका शिवारात ओढे वाहवतो आणि बांधापलीकडे धूळ तशीच ठेवतो. मोसमी पावसाची रीत वेगळी. वारा पश्चिमेकडून दोन-तीन दिवस एकसारखा राहतो, ढग खाली उतरतात, दिवसाचा उकाडा मोडतो आणि सरी थांबून थांबून येत राहतात. अर्थात तो आला तरी टिकतोच असे नाही. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. नेहमीच्या तारखा १ जून आणि ११ जून. लोक हरखले. पण महिनाअखेरीस तो थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याची चाल फारशी पुढे सरकली नाही.

आता अंदाजाविषयी. हवामान खात्याचे शब्द मोजून मापून वापरलेले असतात. आपण ते घाईने ऐकतो. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ जिथे पाऊस मोजतात त्यांपैकी फार तर चौथ्या हिश्श्याच्या ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. म्हणजे 'तुरळक ठिकाणी जोरदार' हे वाक्य ऐकून पेरणी करणारा चारातल्या एका ठिकाणाच्या भरवशावर बी टाकत असतो. मोबाइलवर ढगांची चित्रे बघण्याचा नाद आता गावोगाव लागला आहे. बघावीत, पण ढग दिसला म्हणजे पाणी मुरले असे नव्हे.

ही चूक मी स्वतः केली आहे. वीस-बावीस वर्षे झाली असतील. माझ्या हद्दीतल्या एका गावात एकटीने चार एकर करणारी बाई होती. "साहेब, पेरू का?" असे तिने विचारले. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर ८० मि.मी.ची नोंद मी सकाळीच पाहिली होती. म्हटले, पेरा. तिचे गाव डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथे त्याच्या निम्माही पाऊस नव्हता, आणि मी रान उकरून पाहिले नाही. मूग उगवला, दोन पानांवर आला आणि पुढच्या पंधरा दिवसांच्या उघडिपीत तासच्या तास करपून गेले. दुबार बियाण्यासाठी तिने दोन शेळ्या विकल्या. मला म्हणाली, "आभाळाचं तुमी तरी काय करनार?" पण दोष आभाळाचा नव्हता. मी दुसऱ्याच गावचा पाऊस तिच्या रानात धरला होता.

म्हणून आपला पाऊस आपण मोजावा. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा एक डबा घ्या. झाड, पत्रा, भिंत यांपासून दूर, मोकळ्यावर तो असा पक्का बसवा की तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मि.मी. पाऊस. हे काम शाळेतल्या पोराकडे द्या, आकडा दिनदर्शिकेवर लिहायला सांगा आणि डबा रिकामा करून ठेवा. पोरे हे काम आपल्यापेक्षा चोख करतात, असा माझा अनुभव आहे.

१० मि.मी. म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी. ऐकायला पुष्कळ वाटते, पण उन्हाळाभर तापून भेगाळलेली काळी जमीन ते कुठल्या कुठे पिऊन टाकते. बेरीज ७५ ते १०० मि.मी. झाल्याशिवाय पाभर काढू नये. त्यानंतरही तीन जागी, त्यातली एक उथळ माळाची, वीतभर उकरावे. ओल खालपर्यंत सलग हवी. वर ओल आणि खाली फुफाटा असेल तर थांबावे. मातीचा लाडू वळला आणि टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर अजून एक-दोन दिवस. सोयाबीनचे बी उगवताना आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी ओढते. अर्धवट ओलीत ते फुगते आणि तिथेच कुजते, ते पुन्हा कामाला येत नाही.

थांबण्याचे दिवस वाया जात नाहीत. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवडाभराने चांगले कोंब मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. ६० निघाले तर ३५ किलो धरा. त्याहून कमी असेल तर ते बी पेरण्याच्या भानगडीत पडू नका. हे गोणपाट ओले ठेवण्याचे काम बहुधा घरातल्या बायकांकडेच येते, तेव्हा कोंब मोजताना त्यांनाही शेजारी बसवा.

उशीर होईल ही भीती मूग-उडदापुरती खरी. त्यांची पेरणी जूनअखेर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात उरकावी. सोयाबीन, तूर आणि कपाशीला जुलैच्या मध्यापर्यंत सवड आहे.

वळवाच्या विजा अजून चालू आहेत. ढग गडगडू लागले की औत सोडून बैलांसह गोठा गाठावा. बांधावरच्या एकट्या झाडाखाली उभे राहू नये.