तकदीरच्या नावावर किती खपवायचं?

"मास्तर, अल्लाह की मर्जी. लिखा था, हो गया."

अँजिओप्लास्टी करून कळसला घरी आलो त्या संध्याकाळपासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. माणसं प्रेमानं येत होती. कुणी डाळिंबं आणली, कुणी पाणी दम करून आणलं, कुणी नुसतं शेजारी बसून दुआ केली. त्या प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या वाक्याबद्दल आहे, आणि ती आज मांडतो.

जे लिहिलं होतं ते काय होतं, ते आधी सांगतो. शाळेचा जिना चढताना चार महिने माझ्या छातीत आवळल्यासारखं व्हायचं. थांबलं की बरं वाटायचं. मी त्याला 'गॅस' म्हणायचो. ओवा खायचो, सोडा प्यायचो. बायको डॉक्टरकडे जाऊ म्हणाली की, "परीक्षा होऊ दे, मग बघू." बी.एड. झालेला माणूस मी. वर्गात मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो आणि स्वतःच्या छातीला एक प्रश्न विचारायला चार महिने लावले. शेवटी एका सकाळी डबा घेऊन एसटी गाठायला पळालो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. मग ईसीजी, ट्रेडमिलची चाचणी, अँजिओग्राफी. एका रक्तवाहिनीत ऐंशी टक्के अडथळा निघाला. मनगटातून बारीक नळी आत घातली, फुगा फुगवला, स्टेंट बसवला. मी पूर्ण जागा होतो. तिसऱ्या दिवशी घरी.

हे तकदीरमध्ये लिहिलं होतं, असं म्हणताना आपण चार महिन्यांचा तो 'गॅस' कुणाच्या खात्यावर टाकतो? अल्लाहच्या? माझा आळस, माझी भीती, शाळेतल्या मोकळ्या तासाला तळहातावर मळलेली तंबाखू, हे सगळं त्याच्या नावावर? मला तर ही बेअदबी वाटते.

मी उर्दू शिकवतो. उर्दूत तकदीरच्या शेजारी एक शब्द कायम उभा असतो, तदबीर. म्हणजे उपाय, योजना, हातपाय हलवणं. आम्ही तकदीर तेवढी पाठ केली आणि तदबीर विसरलो. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या प्रत्येक बयानात असते. बयान संपतं, आणि आपण उंट मोकळाच सोडून घरी येतो.

हजरत उमर यांचा किस्सा आठवा. इसवी सन ६३९ च्या सुमारास ते शामकडे निघाले होते. वाटेत कळलं की तिकडे प्लेगची साथ आहे. त्यांनी मशवरा केला आणि काफिला मागे फिरवला. हजरत अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर यांच्या उत्तराचा अर्थ असा, की होय, एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. ज्यांच्या ईमानाचे दाखले आपण देतो, त्यांनी साथ बघून वाट बदलली. आपण मात्र छातीत कळ आली तरी ओव्याचा डबा शोधतो.

आता विज्ञान काय म्हणतं तेही बघू. २००४ साली 'इंटरहार्ट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले रुग्ण त्यात होते. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला: तंबाखू-सिगारेट, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्यांना जवळपास ५९ व्या. यादी पुन्हा वाचा. बहुतेक गोष्टींवर आपला हात पोचतो.

इथं माझ्या हिंदू मित्रांनाही एक सांगायचं आहे. भेटायला आलेले एक सहकारी हसत म्हणाले, "तुमच्यात बिर्याणी-मटण जास्त ना सर, त्यामुळं." सर, हा आजार जात-धर्म विचारत नाही. ५३ हा आकडा दक्षिण आशियाचा आहे, मोहल्ल्याचा नाही. शाकाहारी घरातही तंबाखू असते, साखर असते, बीपी असतो. आणि 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण तुमच्याच दारात जन्मली. आपण दोघं एकाच खाटल्यावर पडलोय, फक्त नावं वेगळी घेतो.

आता खरं दुखणं. माझे मोठे चाचा. त्यांनाही स्टेंट बसला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. पाच महिन्यांनी रमजान आला. चाचांनी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. रोज्यात गोळी कशी घ्यायची, ईदनंतर सुरू करू, एवढाच विचार. नवा स्टेंट म्हणजे रक्ताच्या दृष्टीनं परका धातू. त्यावर गुठळी बसू नये म्हणूनच त्या गोळ्या असतात, आणि डॉक्टरला न विचारता त्या मध्येच सोडल्या तर स्टेंट एकाएकी बंद पडू शकतो. चाचा बाराव्या रोज्याला गेले.

जनाज्यात लोक म्हणत होते, "रमजान की मौत मिली, कितने नसीबवाले." मीही मान डोलावली होती. आज त्या डोलावलेल्या मानेची मला लाज वाटते. कारण बहुतेक डॉक्टर अशा गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला जुळवून देतात. एक प्रश्न विचारायचा होता. चाचांनी विचारला नाही, मी शिकलेला पुतण्या असून मीही विचारला नाही, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला नशीब म्हटलं.

आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत खुद्द कुरआनात आहे, सूरह बकरामध्ये. ती आपल्या मर्जीनं घेतलेली सूट नाही, अल्लाहनं दिलेली आहे. डॉक्टरांनी मला यंदा रोजे नको सांगितलंय. मी ठेवणार नाही. तब्येतीनं साथ दिली तर नंतर कजा पुरे करीन. "नमाजी मास्तर आणि रोजा नाही?" अशी कुजबूज कानावर येतेच आहे. येऊ द्या. अल्लाहनं दिलेली सवलत नाकारून मी कुणापेक्षा जास्त दीनदार होणार आहे?

पैशाचं म्हणाल, तर तिथंही आपण तकदीरच पुढे करतो. दिल्लीतले वकील बीरेंद्र सांगवान हे स्टेंटच्या किमतींसाठी कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं किमतीला लगाम घातला. औषध लावलेला जो स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता, त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. एका माणसाची तदबीर लाखोंच्या कामी आली. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात अँजिओप्लास्टी बसते. तरी आपल्याकडे जुम्याला झोळी फिरते. का? रेशनकार्डावर 'मेहबूब', आधारवर 'महेबुब'. कुठं शेख आधी, कुठं नंतर. नाव लिहिणाऱ्यानं चूक केली हे खरं, पण दहा वर्षं ती दुरुस्त न करणारे आपणच. एक काना-मात्रा ऑपरेशन अडवू शकते, हे भाषेचा मास्तर म्हणून मी सांगतो. कागद आज नीट करा, छातीत दुखायला लागल्यावर नाही.

मशिदीच्या जिम्मेदार मंडळींना हात जोडून विनंती आहे. रमजानच्या आधीच्या जुम्याला मिंबरवरून दोन वाक्यं बोला: डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीही गोळी बंद करू नका, आणि छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा, गॅस म्हणून बसू नका. आम्ही शंभर मास्तरांनी सांगून जे होणार नाही, ते तुमच्या दोन वाक्यांनी होईल.

आता मी रोज फजरनंतर चालतो. तंबाखूची डबी फेकून दिली, आणि चाळिशीतल्या माझ्या दोन भावांना धरून तपासणीला नेलं. एकाचा बीपी वाढलेला निघाला. तो म्हणाला, "भाईजान, लिखा था." मी म्हणालो, "हां, लिखा था. और ये भी लिखा है, सुबह-शाम एक-एक गोली."

डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या हातात होती. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली. गोळ्या वेळेवर घेतो की नाही, हे बघणं आता माझं काम.