‘काय खातोस?’ हा प्रश्न

चांदणी चौक ओलांडून भूगावकडे निघालं की नव्या सोसायट्यांची रांग लागते. शिकायला परदेशी गेलेल्या मुलांची गोष्ट इथे आता घरोघरी ऐकू येते, आणि पुण्याला जपानी भाषेचं वेड तर जुनंच. त्यामुळे दहावी-अकरावीतलं मूल काही महिने जपानी कुटुंबात राहणार म्हटलं की आपल्याला कौतुक वाटतं. त्या कौतुकातून थोडं शिकताही येईल.

२०१८ मध्ये जपान सरकारने ‘आशिया काकेहाशी’ योजना सुरू केली. काकेहाशी म्हणजे पूल. पाच वर्षांत आशियातल्या एक हजार शाळकरी मुलांना जपानी शाळांत आणायचं उद्दिष्ट होतं. त्यात भारतीय मुलंही होती. काही वसतिगृहात राहिली, काही यजमान कुटुंबांत. काम एएफएस या संस्थेकडे होतं. महायुद्धांत जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिकाचालकांची ही संस्था. लोक एकमेकांच्या घरी राहिले तर वैर धरणं जड जाईल, या विश्वासाने तिने १९४७ मध्ये शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली.

अशा मुलाला घरात ठेवणारं कुटुंब सहसा मोबदला घेत नाही. घराबाहेर पडताना मूल ‘इत्तेकिमासु’ म्हणायला शिकतं. अर्थ सरळ आहे: जाऊन येतो. आपल्याकडेही निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तेवढ्या एका शब्दाने परकं घर जवळचं होतं.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. जपानी रश्श्यांच्या मुळाशी बहुधा ‘दाशी’ असते आणि ती बरेचदा सुक्या माशाची. म्हणजे साध्या भाजीच्या वाटीतही शाकाहारी मुलाची पंचाईत. ‘मिरिन’ ही तांदळाची गोड दारू स्वयंपाकात सर्रास वापरतात. मुसलमान मुलाला ती चालत नाही. रोजे असतील तर पहाटेच्या सहरीचाही प्रश्न. म्हणून यजमान आई आधीच विचारते, ‘तू काय खातोस?’ आपले मासे ती सोडत नाही. एक भांडं वेगळं ठेवते, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचते, एवढंच.

हाच प्रश्न आपल्याकडे भाड्याने घर बघताना येतो. आधी आडनाव, मग ‘काय खाता?’ जपानी आई काय शिजवायचं ते ठरवण्यासाठी विचारते. आपण दार उघडायचं की नाही ते ठरवण्यासाठी. स्वतःच्या चुलीवर काय शिजावं हा ज्याचा त्याचा हक्क, हे मान्य. पण भाड्याने दिलेल्या घरातली चूल आपली नसते.

बोट एकाच बाजूला दाखवून चालणार नाही. ईदला शेजाऱ्याला हौसेने बोलावणाऱ्या आपल्यापैकी किती जण त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात शाकाहारी स्वयंपाक करतात आणि तसं त्याला आधी सांगतात?

देवाणघेवाण म्हणजे नुसतं मूल पाठवणं नव्हे; तिकडचं मूल आपल्या घरात घेणंही आहे. तेवढी खोली रिकामी नसेल, तर समोरच्या फ्लॅटपासून सुरुवात करता येईल. रमजान आला की शेजारच्या मुलाला इफ्तारला बोलवा आणि आधी विचारा, ‘काय खातोस रे?’ उत्तर काहीही आलं तरी ताट वाढायचं, हे मनाशी पक्कं करूनच विचारा.