टायरच्या तळाची वहाण

मेक्सिकोतलं उन्हाळी पायताण म्हणजे हुआराचे. चामड्याची लांबलचक वादी भिजवून मऊ करायची, तळाच्या कडेला पाडलेल्या छिद्रांतून आतबाहेर ओवायची आणि लाकडी साच्यावर वरचा भाग विणत न्यायचा. वाळताना वादी आवळते, वीण घट्ट बसते. पुढे घालून घालून ती मालकाच्या पायाची होऊन जाते. फटींतून वारा खेळतो, मोज्यांची गरज नाही. मिचोआकान राज्यातलं सावायो या कामासाठी नावाजलेलं.

ऑगस्ट २०२५मध्ये या वहाणेवरून तिकडे मोठा गदारोळ झाला. आदिदास आणि अमेरिकन डिझायनर विली चावारिया यांनी ‘ओआहाका स्लिप-ऑन’ आणली. वर हुआराचेची वीण, खाली स्नीकरचा जाडजूड तळ. ही वीण आमची आहे, असं ओआहाका राज्यातल्या यालालाग गावाचं म्हणणं, आणि गावाला कोणी विचारलंच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबॉम यांनी कान उपटले, चावारियांनी माफी मागितली, कंपनीची माणसं गावात जाऊन जाहीर दिलगिरी व्यक्त करून आली. दोनच महिन्यांपूर्वी मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीचं नाव न घेता कोल्हापुरी चालवून दाखवली होती, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

अशा वेळी एक सूर हमखास लागतो: परंपरेला हात लावू नका. मला तो पटत नाही. आज ‘अस्सल’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक हुआराचेंचा तळ मोटारीच्या जुन्या टायरचा असतो, आणि ही पद्धत रुळली ती १९३०च्या दशकात. चामड्याचा तळ झिजायचा. टायर स्वस्त, चिवट आणि पाण्याला दाद न देणारा. कारागिरांनी तो कापला आणि ठोकला. परवानगी कोणाची घेणार, वहाण त्यांचीच होती! (टायरच्या चपला आपल्या शेतकऱ्यांनी आणि हमालांनीही वर्षानुवर्षं वापरल्या. फॅशनच्या पानावर त्या कधी आल्या नाहीत, ती गोष्ट निराळी.)

नायकेनेही १९९१मध्ये डिझायनर टिंकर हॅटफिल्डकडून ‘एअर हुआराचे’ करून घेतला, पण त्यात वीण नाहीच. वॉटर स्कीइंगच्या बुटावरून सुचलेला तो निओप्रीनचा जोडा. हुआराचेचं घेतलं ते नाव. म्हणजे नाव घेऊन वहाण सोडणारेही आहेत आणि वहाण घेऊन नाव सोडणारेही. दुसरे जास्त नुकसान करतात, कारण गिऱ्हाईक शेवटी नाव विचारतच दुकानात शिरतं.

कोल्हापुरीतही बदल हवेतच. नवी जोडी चावते. ती अंगवळणी पडेपर्यंत अंगठा सोलून निघतो. मापं ढोबळ, गुळगुळीत फरशीवर घसरण्याची भीती, आणि पावसात तर ती कोनाड्यातच बरी. आत मऊ अस्तर, खाली पकड देणारा रबर, अर्ध्या मापांचे साचे एवढं झालं तरी शहरातलं पोर ती रोज ऑफिसला घालेल. वेणी, पट्टी आणि हातशिलाई मात्र तशीच राहू द्यावी. तीच गेली तर उरते ती नुसती सपात.

प्राडाने डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत २,००० जोड बनणार, किंमत जोडीमागे सुमारे ८०० युरो, असं ठरलं. कोल्हापुरीला २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही या दोन राज्यांचं मिळून आहे, त्यामुळे वाटणी योग्यच. इटालियन दुकानात आपली वहाण तिच्या नावानिशी मांडली जाणार, याचा आनंद मलाही आहे. पण त्या ८०० युरोंतले कापणाऱ्या, वळणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना किती, तो आकडा महामंडळांनी प्रत्येक खोक्यावर ठळक छापावा. आणि आपणही पुढची कोल्हापुरी घेताना शे-दोनशेसाठी घासाघीस करण्याऐवजी दुकानदाराला ती कोणी बनवली ते विचारावं.