गंगा दीनच्या खांद्यावरची पखाल



आमच्या वस्तीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी परवा रडवेली होऊन आली. इंग्रजीच्या वर्गात रुडयार्ड किपलिंगची ‘गंगा दीन’ ही कविता झाली होती. ‘कविता ऐकायला छान वाटते, पण मनाला लागते. माझंच काही चुकतं का?’ असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, पोरी, तुझे चुकत नाही. तू नीट वाचते आहेस.

किपलिंगचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईतच झाला. त्याचे वडील जे. जे. कला शाळेत शिक्षक होते. १८९० सालच्या या कवितेत गोरा शिपाई पलटणीतल्या पाणक्याची आठवण सांगतो. शिपाई त्याला शिव्या देतात, मारतात. तो मात्र गोळीबारात धावून जखमींना पाणी पाजतो आणि त्यातच मरतो. शेवटी शिपाई त्याला आपल्याहून थोर मानतो. ही कबुली खरीच आहे, ती नाकारू नये. शिवाय बोलणारा शिपाई आहे, कवी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

पण मग तीन प्रश्न विचारावेत. बोलतो कोण? गप्प कोण? आणि कौतुक कशाचे? बोलतो मारणारा. मार खाणाऱ्याच्या तोंडी जवळजवळ काहीच नाही. कौतुक करतानाही त्याचा चांगुलपणा गोऱ्या रंगाच्या मापाने मोजला जातो. आणि मेल्यावर नरकातसुद्धा तो पाणीच वाटत असेल, असे शिपायाला वाटते. मरणानेही त्याच्या खांद्यावरची पखाल उतरत नाही!

याच कवीने १८९९ साली अमेरिकेने फिलिपाइन्स घ्यावे म्हणून कविता लिहिली. दुसऱ्यांवर राज्य करणे हे गोऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे, असा तिचा सूर. त्याच वर्षी फिलिपिनो लोक अमेरिकेशी लढत होते. म्हणजे ओझे कोणावर होते, ते तेथील जनतेला विचारावे.

काही जण म्हणतील, इंग्रजांमुळेच आपल्याला पलटण आणि शाळा मिळाली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे खरेच. पण त्याच इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात महारांची लष्करभरती बंद केली आणि गोपाळ बाबा वलंगकरांना अर्ज करावा लागला. गरज होती तोवर शाबासकी, गरज सरली की दार बंद. तेव्हा मिळालेली संधी मान्य करावी, पण धन्याची भाषा उचलू नये. आणि इंग्रजांना नावे ठेवताना गावच्या पाणवठ्यावर आपल्याला अडवणारे गोरे नव्हते, हेही विसरू नये.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. कवितेलाही हीच कसोटी लावावी. ती फाडून टाकू नये आणि डोक्यावरही घेऊ नये.

मुलगी जाताना म्हणाली, ‘मग परीक्षेत काय लिहू?’ आम्ही सांगितले, कवितेत काय आहे ते प्रामाणिकपणे लिही आणि शेवटी तुझा प्रश्नही लिही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते कोणाची शाबासकी मिळवायला नव्हे, तर माणसाचा हक्क बजावायला. गंगा दीनला शाबासकी मिळाली. हक्क मिळाला का, एवढेच विचार.

घरोघरी मुलांची पुस्तके उघडा आणि त्यांच्याबरोबर वाचायला बसा. जय भीम!