अंगावरचे चिलखत आणि पेटीतले चिलखत

महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सावित्रीच्या पुराने रस्ते बंद झाले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके साधनसामग्रीसह पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर गावकरी हाती लागेल त्याने माती उपसत होते. तेथे वाट अडविली ती पाण्याने. देशाची सीमा ओलांडून संकटस्थळी जाणाऱ्यांची वाट पुष्कळदा कागद अडवितात. याच दलाची पथके फेब्रुवारी २०२३ मध्ये भूकंपग्रस्त तुर्कस्तानात गेली, तेव्हा शंभराहून अधिक जवानांची पारपत्रे एका रात्रीत तयार करावी लागली. सरकारी पथकासाठी सरकारी कचेऱ्या रात्रभर जाग्या राहिल्या. परदेशात धोक्याच्या जागी रस्ते आणि धरणे बांधणाऱ्या कंत्राटदारासाठी त्या राहतील, असे कोण म्हणेल?

आणि धोका काल्पनिक नाही. अफगाणिस्तानातील झरंज-देलाराम हा २००९ मध्ये भारताने हस्तांतरित केलेला रस्ता बांधताना आपली माणसे हल्ल्यांत बळी पडली. अशा ठिकाणी मजुराला गोळीरोधक जाकीट देणे ही चैन नव्हे. परंतु लष्करी दर्जाचे जाकीट व शिरस्त्राण हे निर्यात-नियंत्रणाच्या यादीत मोडते. भारत डिसेंबर २०१७ मध्ये ज्या वासेनार व्यवस्थेत सामील झाला, तिच्या यादीत एक समंजस अपवाद आहे: वापरणाऱ्याने स्वतःच्या संरक्षणासाठी सोबत नेलेले चिलखत नियंत्रणातून वगळलेले आहे. आपल्या यादीतील शस्त्रसामग्रीचा सहावा वर्गही त्याच धर्तीवर बेतलेला आहे. मात्र कंत्राटदाराने आपल्या तीस मजुरांसाठी तीस जाकिटे एका पेटीत घालून पुढे पाठविली, की वापरणारा सोबत नसल्याने तो अपवाद हातचा जातो आणि परवान्यासाठी संरक्षण उत्पादन विभागाचे दार ठोठवावे लागते. जाकीट तेच, मजूर तोच. फरक केवळ पेटीचा!

परतीच्या वाटेवरही सुटका नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार बाहेर जाऊन परत आलेला माल नव्या आयातीसारखाच शुल्कपात्र ठरतो. सवलत आहे, पण गेला तोच माल आला हे पटवून द्यावे लागते. जाताना प्रत्येक वस्तूचा क्रमांक नोंदविला नसेल, तर वर्षभर वापरलेल्या, मळलेल्या जाकिटाची ओळख कशी पटवायची?

चिलखते भलत्या हाती पडू नयेत, ही सरकारची काळजी रास्तच आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी साथीच्या भयाने वैयक्तिक संरक्षक साधनांची निर्यात सरकारने थांबविली, तेव्हाही त्या अधिकाराची गरज दिसली होती. तथापि विक्रीसाठी जाणारा माल आणि कामावर जाऊन परत येणारे साधन यांना एकाच तराजूत घालण्याचे कारण नाही. मजुरांची नावे आणि जाकिटांचे क्रमांक यांची एकच यादी जाताना तपासून शिक्कामोर्तब करावी; परवान्याच्या अर्जावर ठराविक दिवसांत होय किंवा नाही असे उत्तर द्यावे; आणि परतताना तीच यादी पुरावा मानावी. परत न आलेल्या प्रत्येक जाकिटाचा जाब कंत्राटदाराला खुशाल विचारावा.