खातं विकता येतं, कातकरी विकता येत नाही



श्रावणात आपल्या चार वाड्यांवर एक चिठ्ठी फिरली. टाइप केलेली, वर पत्ता : शुक्रवार पेठ, सोलापूर. मजकूर असा, की मागच्या हंगामात ज्या ठेकेदाराकडून तुम्ही कोळशाच्या भट्टीसाठी उचल घेतली, त्याची सगळी खाती आम्ही विकत घेतली आहेत. तरी दिवाळीनंतर नवराबायकोने आमच्या भट्टीवर हजर व्हावे. नाहीतर बाकी व्याजासकट भरावी. नाहीतर जमिनीवर टाच आणू. खालची सही कुणाची ते शाळामास्तरालाही लागलं नाही.

बैठकीत एका म्हातारीनं विचारलं, "भाऊ, म्हंजे आमाला इकलं म्हनायचं का?"

आम्ही तेव्हा नुसतं "नाही" म्हणालो. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. कारण वाडीवर दोन मतं पडली आहेत. एक म्हणतो, छापील कागद आलाय म्हणजे द्यावंच लागणार. दुसरा म्हणतो, चिठ्ठी चुलीत घाला. दोन्ही मतं आपल्याला खड्ड्यात घालणारी आहेत. आणि दुसरं मत आपल्याच कार्यकर्त्यांचं आहे, म्हणून ते जास्त रोखठोक बोलायला पाहिजे.

एका घराची गोष्ट घ्या. नाव देत नाही, पुन्हा हंगाम येणार आहे. जोडप्यानं ७०० रुपये उचल घेतली. चार महिने वेडी बाभूळ तोडली, भट्टी लावली, धूर खाल्ला. शिमग्याला ठेकेदार म्हणाला अजून ३०० बाकी. चैत्रात बकरी विकून १५० भरले. मुकादमानं वहीत लिहिलं, पावती दिली नाही. आता चिठ्ठीत बाकी आहे ११०० रुपये. तीनशेतून दीडशे गेले की अकराशे उरतात, हे गणित सोलापुरात शिकवतात की काय कोण जाणे.

तर कायदा काय म्हणतो? १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा, अजून चालू. त्यात कलम १३० ते १३२ नीट ऐका. सावकाराला आपलं येणं दुसऱ्याला विकता येतं. त्याला तुमची परवानगी लागत नाही. हे कडू आहे पण खरं आहे. मात्र ती विक्री तोंडी चालत नाही, विकणाऱ्याच्या सहीचा लेख लागतो. आणि जोवर तुम्हाला त्याची स्पष्ट खबर दिलेली नाही, तोवर तुम्ही जुन्या धन्याला भरलेला पैसा भरलाच धरला जातो. नव्यानं मागून येऊन "ते आम्हाला पोचलं नाही" म्हणायची सोय नाही. त्यानं ते जुन्याकडून घ्यावं. बकरीचे १५० चैत्रात गेले, चिठ्ठी आली श्रावणात. मग ते १५० कुणाच्या बापाला बुडवता येत नाहीत.

खबर कशी पाहिजे तेही लिहिलेलं आहे. लेखी पाहिजे. विकणाऱ्याची सही पाहिजे. तो सही द्यायला नाही म्हणाला तरच घेणाऱ्याची चालते. आणि घेणाऱ्याचं नाव नि पत्ता पाहिजे. आपल्या चिठ्ठीत पेठ आहे, नाव नाही. जुन्या ठेकेदाराची सही नाही. २०१४ पर्यंत लागू असलेला १९४६ चा मुंबई सावकारी कायदाही हेच सांगायचा, की खातं दुसऱ्याकडे देताना कुळाला लेखी कळवा. आणि परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टातून हुकूमनामाच मिळत नाही. भट्टीच्या ठेकेदारांतल्या किती जणांकडे सावकारीचा परवाना आहे, विचारून बघा.

पण म्हणूनच चिठ्ठी जाळू नका. उद्या विकणाऱ्याच्या सहीची, नावपत्त्याची खरी खबर आली आणि तुम्ही ती चुलीत घालून जुन्यालाच पैसे देत राहिलात, तर ते पैसे गेले. नवा पुन्हा मागेल आणि कायदा त्याच्या बाजूनं उभा राहील. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, तेव्हा कागद फक्त सावकाराचं हत्यार होता. आज तोच कागद आपला पुरावा आहे. कोणत्या दिवशी आला, कुणी दिला, हे त्याच्या मागे लिहा आणि जपून ठेवा.

आम्ही दोघं जण रात्रीच्या गाडीनं सोलापूरला जाऊन आलो. शुक्रवार पेठेत विचारत विचारत पेढी सापडली. मुनीम गादीवर. म्हणाला, "रोख मोजून खाती घेतलीत साहेब, फुकट नाही." आम्ही विचारलं, किती मोजलेत? "ते तुम्हाला कशाला?" विक्रीचा लेख दाखवा म्हटलं तर, "शेठ बाहेरगावी आहेत." ठेकेदाराची वही दाखवा म्हटलं तर ती ठेकेदाराकडेच. म्हणजे खातं घेतलं आणि खात्याची वही घेतली नाही! बैल विकत घेतला आणि दावं तेवढं आणलं, असला व्यवहार.

किती मोजलेत हा प्रश्न वेडगळ नव्हता. १८८२ च्या कायद्यात पहिल्यांदा अशी तरतूद होती, की कर्ज विकत घेणाऱ्यानं जेवढी किंमत दिली तेवढी, व्याज आणि खर्चासह, चुकवली की कुळ मोकळं. शंभराचं कर्ज वीसला घेऊन शंभर वसूल करणाऱ्यांना तो लगाम होता. १९०० साली तो काढून टाकला. कुणाच्या सोयीसाठी काढला असेल ते तुम्हीच ओळखा. आणि हे सोलापूर कोणतं? १८७५ च्या दंग्यानंतर सरकारनं १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. कोर्टानं नुसता दस्त न बघता मागचा सगळा हिशोब उकरून काढायचा, पैसे भरले की पावती द्यायची, हे त्या गावच्या पेढ्यांना शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच शिकवलेलं आहे.

आता मुद्द्याचं. घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. कलम १३२. जुन्याच्या खात्याला जी भोकं होती ती सगळी नव्याच्या गळ्यात. ठेकेदारानं मजुरी बुडवली असेल तर ती वजावट नव्यालाही द्यावी लागते. चार महिने दोन माणसांची किमान वेतनानं मजुरी मांडा, मग बघू कोण कुणाचं देणं लागतो.

आणि उचल देऊन माणूस बांधून ठेवला, दुसरीकडे कामाला जाऊ दिलं नाही, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारीचं कर्ज रद्द झालं. रद्द झालेलं कर्ज वसूल करणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ते वेठीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर, आपल्यावर नाही. मग ठेकेदारानं पेठेत विकलं काय? शून्य. पेढीनं शून्य विकत घेतलं. तिला वाटत असेल फसलो, तर तिनं ठेकेदाराला पकडावं. आपल्या वाडीवर फटफटी कशाला?

चिठ्ठीतलं "भट्टीवर हजर व्हावे" हे वाक्य तर तिच्याच गळ्याला फास आहे. पैसे मागता येतात. पैशाच्या बदल्यात नवराबायको एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर वर्ग करता येत नाहीत. ठाण्यात लग्नासाठी कर्ज काढून वारली आयुष्यभर लग्नगडी व्हायचे, ती पद्धत १९४५ च्या उठावात वारल्यांनी मोडली. ती आता टाइप करून आपल्याकडे पाठवली आहे.

जमिनीच्या टाचेला घाबरू नका. महसूल कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला कलेक्टरची आधी परवानगी लागते. कोर्टाच्या हुकूमनाम्यातली विक्रीसुद्धा त्यातून सुटत नाही. आणि दळी तर आपल्या नावावर लागावी म्हणूनच आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. जे सरकार आपल्याला देत नाही, ते पेढी कुठून नेणार?

एका गोष्टीला मात्र घाबरा. कोऱ्या कागदावरचा अंगठा. प्रॉमिसरी नोट वेगळी चीज आहे. वर सांगितलेली खबर देण्याची अट तिला लागत नाही, ती पाठीवर सही करून हातोहात फिरते. आज ठेकेदाराकडे, उद्या पेठेत, परवा आणखी कुठे. म्हणून नोटेचे पैसे देताना आधी नोट दाखवा म्हणा, पूर्ण फेडलं की नोट परत हातात घ्या, थोडे दिले तर तिच्यावरच लिहून घ्या. नोट हजर नाही, तर पैसे हजर नाहीत.

ज्याचं खरंच हातउसनं घेतलं, वाण्याचं मीठमिरचीचं देणं आहे, ते फेडा. ते फेडू नका असं संघटना म्हणत नाही. पण पावती घेतल्याशिवाय एक पैसा कुणाला देऊ नका, जुन्याला नाही आणि नव्यालाही नाही.

ज्यांच्याकडे सोलापूरची चिठ्ठी आली आहे त्यांनी ती, असेल तर पावती, आणि भट्टीवर किती दिवस कोण कोण होतं त्याची आठवण घेऊन येत्या मंगळवारी कचेरीत यावं. बायकांनी जरूर यावं, दिवसांचा हिशोब त्यांच्याच लक्षात असतो. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज प्रांताकडे जाईल, आणि त्याची एक प्रत शुक्रवार पेठेत पोष्टानं.